वीस डेसिबल

पंचगंगेकाठचा एक साखर कारखाना. नाव नको. गेल्या ऑफ-सीझनला तिथल्या ऊस पिळणाऱ्या मिलचे दोन रोलर शाफ्ट तपासायला गेलो होतो. काम नेहमीचंच: टोकाचा सपाट भाग घासायचा, ग्रीस लावायचं, प्रोब टेकवायचा, पडद्यावरचे इको बघायचे. बाहेरच्यांना माहीत नसतं ते एवढंच, की अल्ट्रासोनिकला, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजानं केलेल्या तपासणीला, चीर दिसते ती उघडी असली तर. मिल बंद, शाफ्टवर दाब नाही, मग फटिगची, म्हणजे पुन्हापुन्हा ताण पडून आलेली, बारीक चीर मिटून बसू शकते आणि आवाज बराचसा तिच्यातून आरपार जातो. म्हणजे ती जेव्हा लपलेली असते, नेमकं तेव्हाच आम्ही तिला शोधायला जातो!

दोन्ही शाफ्ट पास झाले. जर्नलच्या, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या, गोलाईवर चिरेत झिरपणारं डाय पेनिट्रंट मारलं, तिथंही काही नाही. शेलखाली, म्हणजे शाफ्टवर चढवलेल्या जाड नळकांड्याखाली, मात्र डाय पोचतच नाही.

मग बरोबर नेलेला दुसरा खेळ काढला. एका टोकाकडून २०० किलोहर्ट्झचा अखंड सूर सोडायचा, दुसऱ्या टोकाला ऐकायचा आणि मध्ये हातोड्याचा ठोका द्यायचा. लाकडी ओंडक्यांवर ठेवलेला शाफ्ट ठोक्यासरशी लवतो. हे १४० हर्ट्झच्या आसपास लवत होते. धातू निकोप असेल तर दोन्ही आवाज आपापल्या वाटेनं जातात. चीर असेल तर ती लवण्याबरोबर उघडझाप करते, बारीक सूर त्या तालावर कमीजास्त होतो आणि पडद्यावर २०० किलोहर्ट्झच्या दोन्ही बाजूंना, १४० हर्ट्झच्या अंतरावर, दोन कोंब फुटतात. साइडबँड.

ठोके फिटर मामांचे. प्रत्येक ठोका सारखा, मशीन लाजेल असा. पहिल्या शाफ्टचे कोंब पडद्यावरच्या खरखरीच्या तणात हरवले. दुसऱ्याचे त्या तणाच्या वीस डेसिबल वर. प्रोब काढून परत बसवले, वायरी बदलल्या, अ‍ॅम्प्लिफायरही बदलला, कारण स्वस्तातला अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच असले कोंब काढतो. कोंब तसेच.

चीफ इंजिनिअर आले. "कुठं आहे? किती खोल?"

"साहेब, आहे एवढंच कळतंय. कुठं ते शेल काढल्याशिवाय नाही."

"पंधरा दिवसांवर गळिताची मोळी आलीय, आणि शेल काढू म्हणताय?"

त्यांना मिलिमीटर हवे होते. माझे वीस डेसिबल त्यांच्या हिशेबी आकडाच नव्हे.

तेवढ्यात मामा म्हणाले, "पर सायेब, त्या पयल्याचं शेल गेल्या साली नवं बसवलंय. ह्येचं पाच हंगामाचं हाय."

माझी हवाच गेली. शेल तापवून शाफ्टवर चढवतात, गार झालं की ते आवळून बसतं. पकड सैल झाली तर त्या सांध्यातही तशीच उघडझाप, तसेच कोंब. ज्यांची तुलना करत होतो ते शाफ्ट जोडीचे नव्हतेच. सकाळी पहिल्यांदा विचारायची गोष्ट ही, आणि मी विचारली नव्हती.

रिपोर्टच्या छापील फॉर्मात साइडबँडला रकाना नाही. 'स्वीकारार्ह'वर सही केली, शेऱ्यात दोन ओळी घातल्या. त्या कुणी वाचल्या असतील असं वाटत नाही. शाफ्ट बसला, हंगाम पार पडला, शाफ्ट मोडला नाही.

यंदा तपासणी दुसऱ्याला गेली, दर कमी म्हणून. न राहवून मामांना फोन केला, ते शेल काढलं का म्हणून.

"कशाला काढत्यात? चालतंय की."