तुम्ही विचारलंत म्हणून: मुलीला लेपचा येते का?

नवरा सिक्कीमचा लेपचा, आणि लेपचा हीच त्याच्या समाजाची भाषा. पुण्याला गेले की पहिल्या चहाबरोबर हा प्रश्न येतो. हल्ली गंगटोकलाही विचारतात, म्हणून लिहूनच टाकते. वाचता येते. बोलता येत नाही.

"शाळेत असते ना?" असते. १९७७ पासून ती सिक्कीमची राजभाषा आहे, सरकारी शाळांत विषय आहे. लिपी स्वतःची, शेवटचं व्यंजन अक्षराच्या डोक्यावर खूण म्हणून बसतं. लेक त्या खुणा झरझर काढते, मार्कही चांगले पडतात. घरात मात्र नेपाळी, मध्येच हिंदी, आणि मी चिडले की मराठी. नवऱ्याची लेपचा झोंगूतल्या भावाला फोन लागला की बाहेर येते. झोंगू म्हणजे सिक्कीममधला लेपचांसाठी राखीव भाग; तिथे बाहेरच्यांना जमीन घेता येत नाही, परमिटशिवाय शिरताही येत नाही. तिथे ती टिकली. गंगटोकच्या बाजारात लेपचात भाजी घेऊन दाखवा!

सासरे गेले तेव्हा आम्ही झोंगूत होतो. आधी लामांनी पोथी वाचली, ती तिबेटी. कुणाला कळत नव्हती, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. मग मुन, म्हणजे लेपचांची पुरोहित, लेपचात सांगायला बसली. गेलेल्याच्या जिवाला ती पूर्वजांच्या ठिकाणी, कांचनजंगाच्या कुशीतल्या पुमजूला, पोचवते. प्रत्येक कुळाचं शिखर ठरलेलं, तळं ठरलेलं, आत जायची वाट ठरलेली. लेक मला टेकून ऐकत होती. मध्येच बायका हसल्या, मग एकदम रडायला लागल्या. तिने विचारलं, "आई, थिकुंग (आजोबा) कुठवर पोचले?" मला कुठे ठाऊक! तिने बाबांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी शेजारच्या काकी तिच्या कानाशी लागून नेपाळीत सांगू लागल्या. नदी ओलांडली. आता चढ आहे. काकी सांगेपर्यंत मुन पुढे गेलेली असायची, आणि लेक सारखी काकींची बाही ओढत होती.

तेव्हापासून "शाळेत शिकते की" हे माझंच उत्तर मला पटत नाही. पण म्हणून दोष माझ्या पदरात टाकू नका. २०११ च्या जनगणनेत लेपचा मातृभाषा सांगणारे देशभरात ४७ हजारांच्या आसपास होते. ते काय माझ्या स्वयंपाकघरामुळे? तसं म्हटलं तर, आमच्यासारख्या स्वयंपाकघरांमुळेच.

नवरा म्हणतो, हिवाळ्याच्या सुट्टीत तिला काकाकडे ठेवू. तिचा गणिताचा क्लास बुडेल, असं मी म्हणते. यंदाचं अजून ठरलेलं नाही.