स्नेअरच्या मुठीवरची खूण

चवथीला अकरा दिवस होते. पेडण्याकडचे काका टेबलावर पालथे होता होता मला म्हणाले, "चवथीक घरा पावतलों मगे, बाय?" माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या छताचं, सगळं सामान दरवर्षी तेच गोळा करतात. मी हो म्हटलं. म्हणायला नको होतं.

काकांच्या पॅपिलावर, म्हणजे पित्तनलिका आतड्यात उघडते त्या उंचवट्यावर, १८ मिलिमीटरचा ॲडेनोमा, म्हणजे एक गाठ, होता. कॅन्सर नाही, पण ठेवला तर होऊ शकतो. ईयूएसमध्ये, म्हणजे आतून केलेल्या सोनोग्राफीत, नलिकेत काही शिरलेलं दिसलं नाही, म्हणून पोट उघडून करायची व्हिपलची मोठी सर्जरी टळली; गाठ तोंडातून स्कोप घालूनच काढायची ठरली.

गाठीखाली टोचून ती उचलायला मी सलाइनचं इंजेक्शन भरायला घेतलं, तर स्कोप करणारे सर म्हणाले, "ते नको." बरोबर होतं त्यांचं. मोठ्या आतड्यातला पॉलिप इंजेक्शनने छान उचलला जातो. इथे पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी मधोमध खिळा ठोकल्यासारखी असते. मागे एका केसमध्ये आम्ही टोचलं, तर कडा फुगून मेदूवडा झाला आणि गाठ भोकात. स्नेअर, म्हणजे गाठ कापायचा तारेचा फास, घसरत राहिली, तीन तुकडे झाले आणि पॅथॉलॉजिस्टला कडा समजेना.

गाठ अळंबीसारखी उभी असेल तर काहीच न टोचता सरळ पकडतो. काकांची पसरट, एक कड भिंतीवर सरकलेली. हवेने भिंत ताणली की ती आणखीच चपटी होते. म्हणून सरांनी हवा ओढून घेतली आणि आतड्यात सलाइन भरलं. गाठ वर आली, विहिरीतल्या शेवाळासारखी हलू लागली.

स्कोप सरांच्या हातात, पण स्नेअर मिटते माझ्या हातात. रिकामी स्नेअर पूर्ण मिटल्यावर मूठ कुठे येते, तिथे मी आधीच पेनाने खूण करून ठेवते. मिटताना आधी मऊ लागतं, मग रबरासारखं. मूठ खुणेच्या फार अलीकडे अडली तर खालचा स्नायू अडकला असं समजायचं. त्या दिवशी एकदा तशी अडली. "सैल कर," सर म्हणाले. पुन्हा पकडलं. करंट दिला, मिनिटभरात काम झालं.

आणि तुकडा पाण्याबरोबर खाली निघाला! सक्शनने ओढला तर चिंधड्या होतात. जाळी आत जाईपर्यंत मी श्वास धरून होते. मिळाला, अखंड.

खरा वेळ गेला तो पुढे. रक्ताने पाणी लाल झालं, काही दिसेना. पाणी काढून कार्बन डायऑक्साइड सोडला. पित्ताचं तोंड पिवळ्या धारेमुळे लगेच कळतं, स्वादुपिंडाचं शोधावं लागतं. त्यात ५ फ्रेंचचा स्टेंट, म्हणजे बारीकशी नळी, बसला नाही तर पँक्रियाटायटिसची, म्हणजे स्वादुपिंड सुजण्याची, भीती. तो बसायला वीसेक मिनिटं लागली. हवेत कापा की पाण्यात, ही वीस मिनिटं काही चुकत नाहीत. कॉन्फरन्सला मात्र सगळी भांडणं त्या एका मिनिटावरून.

दुसऱ्या दिवशी काकांना डांबरासारखी काळी शी झाली, म्हणजे आत रक्त जात होतं. पुन्हा स्कोप, रक्त थांबवायला दोन क्लिप. बाजूला बघणाऱ्या त्या स्कोपमधून क्लिप वाकवून नेणं म्हणजे हाताची परीक्षाच. माझं ते "हो" मला दिवसभर टोचत होतं.

रिपोर्ट आला: लो ग्रेड, म्हणजे पेशींतला बदल सौम्य, कडा मोकळ्या, एका बाजूला जळल्यामुळे सांगता येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं.

चवथीच्या तीन दिवस आधी काका घरी गेले. दोन आठवड्यांच्या एक्स-रेला आले तेव्हा स्टेंट आपोआप पडून गेलेला होता आणि त्यांच्या पिशवीत माटोळीतला सुपारीचा घोस होता. "तुका," म्हणाले.