पॅनेलमध्ये शून्य टेस्ट

टर्मिनलवर पायटेस्ट (पायथन कोडच्या टेस्ट शोधून चालवणारं साधन) चालवलं तर सगळं हिरवंगार, आणि शेजारीच एडिटरच्या टेस्ट पॅनेलमध्ये एकही टेस्ट नाही. कोड तोच, फोल्डर तोच.

यावर पहिला सल्ला ठरलेला: "कॅश उडव, रीस्टार्ट कर." पायचार्म या पायथनच्या एडिटरमध्ये त्याने इंडेक्स (प्रोजेक्टच्या फाइलींची सूची) मुळापासून नव्याने बनतो, मोठ्या प्रोजेक्टवर चहा होईपर्यंत. पण फोल्डरच 'एक्सक्लूडेड', म्हणजे वगळलेला, असेल, तर नवा इंडेक्सही त्यात डोकावत नाही!

आज मात्र गोम इंटरप्रीटरची, म्हणजे कोड चालवणाऱ्या पायथनची, होती. टर्मिनलमध्ये प्रोजेक्टचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टपुरता वेगळा पायथन) चालू, एडिटरने मात्र सिस्टिमचा पायथन धरलेला, ज्यात पायटेस्टच नाही. आउटपुट पॅनेलमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलंही होतं. ते उघडतं कोण?

इंटरप्रीटर बरोबर असेल तर नावं बघा. पायटेस्ट मुळात 'टेस्ट_' ने सुरू होणाऱ्या किंवा '_टेस्ट' ने संपणाऱ्या फाइलीच उचलतं. क्लासचं नाव 'टेस्ट' ने सुरू हवं आणि त्यात 'इनिट' मेथड नको, नाहीतर अख्खा क्लास वगळला जातो. दोन फोल्डरांत एकाच नावाच्या टेस्ट फाइली असल्या आणि फोल्डरला पॅकेज बनवणारी 'इनिट' फाइल नसली, तर इम्पोर्टच अडतो. 'कलेक्ट-ओन्ली' पर्याय लावला की टेस्ट न चालवता काय सापडलं एवढंच कळतं.

एकही टेस्ट सापडली नाही, तर पायटेस्ट एक्झिट कोड (काम संपताना मिळणारा निकालाचा आकडा) 5 देतं. पायथनसोबतच येणारं टेस्टचं साधन युनिटटेस्ट मात्र पायथन 3.12 येईपर्यंत शून्य टेस्ट चालवून खुशाल 'ओके' म्हणायचं.

तुमच्याकडे किती 'ओके' असे आहेत?