तुम्ही विचारलंत म्हणून: केस काऊन नाही ठोकली?

"पयला रिपोट खोटा निघाला म्हन्ते, मंग केस काऊन नाही ठोकली?" दादाच्या तेरवीपासून हेच ऐकतोय. पोळ्याला, पंगतीत, दारव्ह्याच्या बसमध्येसुद्धा. एकदाचं लिहूनच टाकतो.

पहिला रिपोर्ट खोटा नव्हता. दुर्बिणीतून दादाच्या मोठ्या आतड्यातले तांदळाच्या कणीएवढे तुकडे काढले, त्यांत नेहमीचा ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर दिसला, तेच लिहिलं. ऑपरेशननंतर अख्खी गाठ तपासली तेव्हा तिच्यातच, खोलवर, दुसऱ्या जातीचा कॅन्सर सापडला: न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींसारख्या पेशींचा.

एका गाठीत दोन? नागपूरच्या लॅबमध्ये मी आवाज चढवला होता. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी वाद घातला नाही, मायक्रोस्कोपपाशी बसवलं. एकीकडे पेशींनी धरलेली गोल कडी, मध्ये पोकळी: ही पहिली जात. काच जराशी सरकवली अन कडी संपली. नुसत्या गडद निळ्या पेशी, गच्च: ही दुसरी. दुसऱ्या काचेला सिनॅप्टोफायसिनचा रंग दिलेला, न्यूरोएंडोक्राइन पेशी ओळखायचा. गच्च भाग तपकिरी झालेला, कडी निळीच. तिसरी काच केआय-६७ ची, म्हणजे विभागणाऱ्या पेशी दाखवणाऱ्या रंगाची. गच्च भागात बहुतेक सगळी केंद्रकं तपकिरी.

"इथल्या पेशी भराभर विभागताहेत. पुढचं हाच भाग ठरवणार."

"पण बाकीची गाठ तर साधी आहे ना?"

"आहे. पण तिच्या भरवशावर राहता येणार नाही."

तसंच झालं. यकृतात उतरलेली गाठ निव्वळ दुसऱ्या जातीची निघाली. केमोही मग त्याच हिशोबानं, सिस्प्लॅटिन-इटोपोसाइडची.

डब्ल्यूएचओच्या २०१० च्या वर्गीकरणात अशा दोन जातींच्या गाठीला मॅनेक (MANEC) म्हणत, २०१९ मध्ये नाव मिनेन (MiNEN) झालं. दोन्ही भाग गाठीच्या किमान ३०-३० टक्के हवेत, तरच हे नाव. ही रेघ मला अजून पटत नाही. दुसरा भाग २५ टक्के असता तर रिपोर्टावर नाव बदललं असतं. त्या पेशींना काय त्याचं?

आधीच कळलं असतं तर? तेव्हा मी छातीठोक सांगायचो, दादा वाचला असता. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन तरीही करावंच लागलं असतं, अन वरवरच्या तुकड्यात खोलातलं दिसत नाही. खरं असेल. पण कापूस वेचणीला वहिनी शेतात एकट्या दिसल्या की मला डॉक्टरांचं पटत नाही.

केस मात्र मी ठोकणार नाही. मामांना ठोकायची असेल तर फाईल माझ्याकडे आहे, गाठीचे तुकडे जपलेले मेणाचे ब्लॉकही आहेत. येऊन घेऊन जा.