थोरलीचं नाव, धाकटीचं रूप

"सध्या कुठलं जहाज बनतंय तुमच्याकडे?" फोनवर हा प्रश्न हमखास येतो आणि दर वेळी माझी पंचाईत होते. फिनलंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, तुर्कूमध्ये, मी जिथे काम करते तिथे जहाजाला नाव नसतं, नंबर असतो. पोलाद कापायला घेतात त्या दिवसापासून जहाज मालकाच्या ताब्यात जाईपर्यंत सगळे नंबरानेच बोलतात. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, पुरुषभर उंचीच्या अक्षरांत नाव रंगवून झालं तरी कँटीनमध्ये नंबरच चालतो. कागदोपत्री नाव एक आणि घरातली हाक दुसरी, तसंच काहीसं.

मी जहाज बांधते असा घरच्यांचा समज आहे, तो मी फारसा खोडत नाही. खरं तर तुर्कूतल्या पेर्नोच्या जहाजबांधणी यार्डाला कामं पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी पाइपांची ड्रॉइंग्ज करते. न्हाणीघराचं सांडपाणी कुठून कुठे जाणार, बस इतकंच. पण या कामात एक गोष्ट फार लवकर कळते. क्रूझ जहाज एकटं जन्माला येत नाही. त्याला बहिणी असतात. फिनिश भाषेत शब्दच तसा आहे, 'सिसारलाइवा', म्हणजे बहीण-जहाज. अशा बहिणी मिळून जे घराणं होतं, त्याला क्लास म्हणतात.

घराण्याला नाव द्यायची रीत नौदलांकडून आली आहे. पहिलं जहाज ज्या नावाने पाण्यात उतरतं, तेच सगळ्या घराण्याचं नाव. म्हणजे आडनाव थोरल्या बहिणीवरून. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या व्हॉयेजर, फ्रीडम, ओअॅसिस, क्वांटम आणि आयकॉन या पाचही क्लासची नावं अशीच पडली. त्याच्याही आधी, जहाज नुसतं कागदावर असतं तेव्हा, त्याला एक टोपणनाव असतं. व्हॉयेजरचं 'ईगल' होतं, ओअॅसिसचं 'जेनेसिस', क्वांटमचं 'सनशाइन'. म्हणजे टोपणनाव, नंबर, घराणं आणि शेवटी खुद्द नाव. एका जिवाला चार.

इथवर सरळ आहे. गंमत सुरू होते ती अपवादांपासून. रॉयल कॅरिबियनचाच व्हिजन क्लास घ्या. त्यातलं पहिलं जहाज 'लेजंड ऑफ द सीज' १९९५ सालचं आणि 'व्हिजन ऑफ द सीज' १९९८ सालचं, सहा बहिणींतलं सगळ्यांत धाकटं. घराणं शेंडेफळाच्या नावाने ओळखलं जातं! कार्निव्हल या दुसऱ्या क्रूझ कंपनीच्या एक्सेल क्लासमध्ये तर 'एक्सेल' नावाचं जहाजच नाही. पहिलं जहाज 'मार्डी ग्रा', आमच्या तुर्कूत बांधलेलं, आणि ते नावही कंपनीच्या १९७२ सालच्या पहिल्यावहिल्या जहाजाचं, पणजीचं नाव पणतीला ठेवावं तसं.

सगळ्यांत विचित्र कथा 'कार्निव्हल डेस्टिनी'ची. १९९६ साली इटलीत बांधलेलं हे जहाज एक लाख ग्रॉस टनेजच्या वर गेलेलं पहिलं प्रवासी जहाज. पनामा कालव्याच्या जुन्या दरवाजांतून मावणार नाही इतकं रुंद, खास क्रूझसाठी बांधलेलं जहाजही हेच पहिलं. डेस्टिनी क्लास म्हणून सगळे त्याला ओळखायचे. २०१३ साली त्याचा आतून कायापालट केला आणि नाव ठेवलं 'सनशाइन'. मग घराणंही सनशाइन क्लास झालं. पुढे 'ट्रायम्फ'चं 'सनराइज' झालं आणि 'व्हिक्टरी'चं 'रेडियन्स'. तिघी बहिणी त्याच, आडनावासकट सगळं बदललेलं. (ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे हं. जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं ते माप आहे. वर्तमानपत्रांत 'अडीच लाख टन वजनाचं जहाज' असं छापून येतं तेव्हा मला ड्रॉइंगचं पान फाडावंसं वाटतं.)

जर्मन लोकांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका ताफ्याने नावाची कटकटच ठेवली नाही. जहाजाचं नाव 'माइन शिफ', म्हणजे 'माझं जहाज', आणि पुढे बहुतेक वेळा आकडा. सोपं वाटतं ना? तर ३, ४, ५, ६ ही तुर्कूत २०१४ ते २०१७ दरम्यान झाली. आणि २०१८ साली त्याच यार्डातून बाहेर पडली 'माइन शिफ १'. जुनं १ नंबरचं जहाज ताफ्यातून गेलं आणि रिकामा झालेला आकडा नव्या जहाजाला मिळाला. वर हे नवं १ आधीच्या चौघींपेक्षा वीसेक मीटर लांब. आकड्यांवरून वय काढायला जाल तर फसाल.

फसण्यावरून आठवलं. कामाला लागून वर्ष होत आलं होतं तेव्हाची गोष्ट. एका जहाजाचं काम संपवून आम्ही त्याच्या बहिणीचं हाती घेतलं होतं. आमच्या धंद्यात अशा वेळी कोरा कागद कुणी घेत नाही. थोरलीची फाइल उघडायची, नव्या नंबराने सेव्ह करायची आणि फरक तेवढे दुरुस्त करायचे. मी मोठ्या आत्मविश्वासाने एका डेकवरची सांडपाण्याची लाइन जशीच्या तशी ठेवली. तीन दिवसांनी शेजारच्या टेबलावरचे आमचे वयस्क सहकारी माझ्या मागे येऊन उभे राहिले. फिनिश माणूस आधी बराच वेळ काहीच बोलत नाही. मग त्यांनी स्क्रीनवर पेन्सिल टेकवली. मी जिथून पाइप नेला होता तिथे नव्या जहाजात जिना येणार होता. मालकाने त्या कोपऱ्यात रेस्तराँ वाढवलं होतं, म्हणून जिना सरकला होता, म्हणून हवेचा डक्ट सरकला होता, आणि माझा पाइप मात्र बिनदिक्कत जिन्याच्या पायऱ्यांतून आरपार. "बहीण आहे," ते म्हणाले, "फोटोकॉपी नाही."

तेव्हापासून मी बहिणींमधले फरक शोधायला लागले आणि ते फार ठळक निघाले. कार्निव्हलच्या फँटसी क्लासची आठ जहाजं हेलसिंकीत १९९० ते १९९८ या काळात बांधली गेली. बाहेरून बघाल तर एकाच साच्यातली. पण सातवं 'इलेशन' उचलून तळाशी पाहिलं तर लांब शाफ्टवरचे पंखे आणि सुकाणू दोन्ही गायब. त्या जागी अॅझिपॉड, म्हणजे जहाजाखाली लटकणारी, मोटर पोटात घेऊन गोल फिरणारी शेंग. हे तंत्र फिनलंडचंच, आणि क्रूझ जहाजावर ते पहिल्यांदा बसलं ते इलेशनवर. एखाद्या नव्या कल्पनेची परीक्षा नव्या घराण्यात घेण्यापेक्षा जुन्या घराण्याच्या धाकटीवर घ्यायची, यात शहाणपण आहे. बाकी सगळं ओळखीचं असतं, बिघडलं तर कशामुळे ते लगेच कळतं.

कधी फरक बांधणीनंतरही पडतो. व्हिजन क्लासमधलं 'एन्चांटमेंट' २००५ साली रॉटरडॅमला नेऊन मधोमध कापलं, दोन तुकडे बाजूला केले आणि मध्ये २२ मीटरचा नवा तुकडा जोडून पुन्हा वेल्डिंग केलं. हजारो पाइप आणि तारा, प्रत्येकाचं तोंड समोरच्या तोंडाशी जुळवायचं. माझ्या पोटात गोळा येतो. क्लास मात्र अजून व्हिजनच.

पण एका घराण्यातून दुसरं कसं निघतं ते मला समजलं ड्रॉइंगवरून नाही, सुट्टीच्या एका रात्री. हेलसिंकीहून स्टॉकहोमला रात्रभर जाणारी 'सिल्या सेरेनेड' नावाची फेरी आहे. तीही १९९० साली तुर्कूतच झाली. तिकीट काढताना मी आतल्या बाजूची केबिन घेतली होती, म्हणजे खिडकीची आशा नाही. आत गेले तर समोर पडदा! सारला, आणि खाली रस्ता. दुतर्फा दुकानं, टेबलं मांडलेलं कॅफे, आइस्क्रीम हातात घेऊन धावणारा मुलगा, वर काचेचं छप्पर. जहाजाच्या पोटात सुमारे १४० मीटर लांबीचा बाजाररस्ता, आणि माझी खिडकी त्यावर उघडणारी.

जहाज रुंद केलं की मधला भाग काळोखा होतो. तिथल्या केबिनला ना उजेड ना देखावा, मग त्या स्वस्तात द्याव्या लागतात. या जहाजाच्या आखणीकारांनी मधला काळोख काढूनच टाकला आणि तिथे रस्ता घातला. नऊ वर्षांनी, १९९९ साली, त्याच तुर्कूच्या यार्डातून 'व्हॉयेजर ऑफ द सीज' बाहेर पडलं. १,३७,००० टनेजचं, बर्फावर स्केटिंग करायची रिंक असलेलं, आणि मधोमध चार मजली उंचीचा रस्ता, रॉयल प्रोमेनाड. वर खिडक्या. सेरेनेडच्या केबिनमध्ये उभं राहून ते नातं ओळखायला कुणा तज्ज्ञाची गरज लागत नाही. माहितीपत्रकांत हा रस्ता व्हॉयेजरपासून सुरू झाल्यासारखा मिरवला जातो, ते मला रुचत नाही. आजोळचं नाव घ्यायला काय हरकत आहे?

पुढचं मग एकातून एक येत गेलं. २००६ चं 'फ्रीडम' म्हणजे व्हॉयेजरच, २८ मीटर लांबवलेलं, आणि कागदावर त्याचं नावही 'अल्ट्रा व्हॉयेजर' असंच होतं. मग २००९ साली 'ओअॅसिस', तीही तुर्कूतच बांधलेली. इथे मोठी उडी आहे. रस्त्यावरचं छप्परच उचललं, जहाजाचा वरचा अर्धा भाग मधोमध दुभंगून दोन इमारती समोरासमोर उभ्या केल्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत झाडांची बाग, वर खरं आभाळ. आतल्या केबिनला आता चक्क बाल्कनी मिळाली. खाली मूळचा रस्ता शाबूत. २,२५,००० टनेज, ३६० मीटर लांबी.

पण एवढं मोठं जहाज बाल्टिक समुद्रातून बाहेर काढायचं तर डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पुलाखालून काढायचं, आणि पुलाखाली जागा ६५ मीटर. ओअॅसिसची पाण्यावरची उंची ७२. म्हणून तिची धुराडी दुर्बिणीसारखी आत सरकणारी केली आहेत. २००९ च्या ऑक्टोबरअखेरीस रात्री ती त्या पुलाखालून गेली तेव्हा धुराडी मिटलेली होती आणि वेग मुद्दाम वाढवलेला, कारण उथळ पाण्यात वेगाने जाणारं जहाज थोडं खाली बसतं. वर अर्ध्या मीटरच्या आसपास जागा उरली. क्लासची व्याख्या कोण ठरवतं असं कुणी विचारलं तर मी आधी पुलाचं नाव सांगते, मग कंपनीचं.

२०२४ च्या 'आयकॉन'वर (२,४८,६६३ टनेज) बागही आहे आणि रस्ताही. मात्र रस्त्याला आता बाजूने काचा आहेत, त्यातून समुद्र दिसतो. इतकी वर्षं आत तोंड करून बसलेला रस्ता पुन्हा बाहेर वळला.

उलट गोष्टही घडते. सांगाडा एकच आणि मुखवटे चार. जर्मनीत पापेनबुर्गला झालेलं 'आयडा नोव्हा' हे द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारं पहिलं मोठं क्रूझ जहाज, २०१८ चं. त्याच सांगाड्यावर तुर्कूत 'कोस्टा स्मेराल्दा' आणि 'मार्डी ग्रा', पापेनबुर्गला 'आयोना'. जर्मन, इटालियन, अमेरिकन, ब्रिटिश, प्रत्येक बाजाराला वाटतं हे खास आपल्यासाठी घडवलंय. आमच्या मार्डी ग्राच्या डोक्यावर रोलर कोस्टर आहे. बाकीच्या तिघींकडे तो नाही. पण टाइल्सखालचे पाइप कसे वळतात ते बघायला मिळालं तर चौघी एकाच आईच्या.

म्हणून पुढच्या वेळी फोनवर "कुठलं जहाज?" असं विचारलंत की मी नंबर सांगेन, आणि तो विसरून जा. या आठवड्यात नव्याचं काम सुरू झालंय. फाइल थोरलीचीच आहे. डेक पाचवरचा जिना मी सगळ्यात आधी तपासला. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात मात्र अजून जुना नंबर आहे, तो बदलायचा राहिलाय.