रविवारची चावी

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांत लंबकाचं घड्याळ अजून भिंतीवर दिसतं. बहुतेक ठिकाणी ते बंदच असतं. चालू दिसलं तर खुशाल समजावं, घरात कोणीतरी निवृत्त इंजिनिअर आहे. कोयलीच्या रिफायनरीत तीस वर्षं पंप आणि व्हॉल्व्ह सांभाळलेला माणूस घरी बसला, की त्याचा हात आधी मिक्सरला लागतो, मग पंख्याच्या कपॅसिटरला. ती कामं एका दुपारी संपतात. घड्याळाचं संपत नाही.

चावी रविवारी, चहा झाल्यावर. घड्याळ एका चावीवर आठ दिवस चालणारं असलं तरी सातव्या दिवशी भरायचं, कारण शेवटी कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, ढिली पडून लंबकाचा झोका आखडतो. ‘चावी जास्त झाली म्हणून बंद पडलं’ हे घरोघर ऐकू येतं. तसं नसतं. कमान पुरती भरायचीच असते. बंद पाडतो तो वाळलेल्या तेलात साचलेला मळ. त्यातही खोबरेल सगळ्यांत वाईट. चोवीस अंशांच्या खाली ते थिजतं, म्हणजे बडोद्याच्या हिवाळ्यात पहाटे घड्याळ उभं. घड्याळाचंच तेल आणावं आणि सुईच्या टोकावर मावेल एवढंच, फक्त चाकांच्या आसांना द्यावं. दात्यांना तेल लावणारा घड्याळाचा वैरी. आणि भरलेली कमान उतरवल्याशिवाय चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीचा एकही स्क्रू सोडू नये, बोटं फुटतात.

मग कान लावायचा. टिक आणि टॉक यांतलं अंतर सारखं हवं. लंगडं ऐकू आलं तर घड्याळाचा खालचा भाग केसभर डावीउजवीकडे सरकवायचा. सुतार ओळंबा धरून घड्याळ सरळ टांगतो आणि ते तासाभरात थांबतं. इथे कान ओळंब्याहून खरा.

वेळ जुळवायची ती लंबकाच्या गोळ्याखालच्या नटाने. लंबक 25 सेंटिमीटरचा आणि नटाचे आटे अर्ध्या मिलिमीटरचे असतील, तर एका फेऱ्याला दिवसात साधारण दीड मिनिटाचा फरक पडतो. घड्याळ पुढे जात असेल तर गोळा खाली. मागे पडत असेल तर वर. पाव फेरा द्यायचा, दोन दिवस थांबायचं. हे थांबणंच जमत नाही लोकांना. मे आणि जानेवारीत 15 अंशांचा फरक धरला, तर लंबकाची सळई तापून लांबते आणि पोलादी सळईचं घड्याळ उन्हाळ्यात दिवसाला सातेक सेकंद मागे पडतं, पितळीचं बारा. हे हिशेब कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले असतात. आजी त्याच पानावर दुधाचा खाडा मांडते.

पाहुणे आले की टोल्यांनी त्यांची झोप उडते. तासांचे आणि अर्ध्या तासांचे मिळून दिवसाला 180 होतात. मग त्या आठवड्यात टोल्यांची चावी, बहुतेक घड्याळांत डावीकडची, द्यायचीच नाही. चाल उजव्या चावीवर चालूच राहते. पाहुणे गेल्यावर मात्र मोजणीचं चाक, म्हणजे किती टोले द्यायचे ते ठरवणारं, जिथे थांबलं तिथूनच पुढे निघतं, आणि चार वाजता अकरा टोले पडतात. मोजणीची तार बोटाने उचलायची, सोडायची, पुन्हा उचलायची, काट्यांशी जुळेपर्यंत. स्टुलावर आजोबा, खाली स्टूल धरून नातू, आणि स्वयंपाकघरातून सून मोठ्याने मोजतेय: ‘दोन... तीन... बाबा, आता हात काढा, चार झाले.’