आंबोलीची माकडं: उवा, जंत आणि नोंदवहीतले नवे रकाने

मंडळी, पाऊस ओसरला आणि आंबोली घाटातली टोपी माकडांची टोळी पुन्हा कठड्यावर दिसू लागली. यंदा नोंदवहीची मांडणीच बदलली आहे. आधी कोण कोणाच्या उवा काढतं एवढंच टिपत होतो. आता त्याच्या शेजारी 'कुठे बसतं, कुठे खातं' आणि 'रात्री कुठल्या झाडावर' असे दोन रकाने वाढवलेत. काम बरंच वाढलं, पण परजीवी टोळीत कसे पसरतात हे समजून घ्यायचं तर याला पर्याय नाही. प्रत्येक परजीवीची वाट वेगळी.

ऊ जन्मभर अंगावरच राहते. अंगाला अंग भिडलं की दुसऱ्या माकडावर जाते. टोपी माकडं गारठ्यात एकमेकांना बिलगून बसतात, तेव्हा उवांना रान मोकळंच. पण त्याच जवळिकीत उवांचा बंदोबस्तही होतो. जपानच्या कोशिमा बेटावरच्या मकाक (टोपी माकडांच्याच गटातल्या) माद्यांचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. कोण कोणाच्या उवा काढतं याचं जाळं मांडलं, तर त्यात ज्या माद्या मध्यभागी होत्या, त्यांच्या अंगावर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात उवा कमी आढळल्या. दाटीत राहूनही कमी!

जंतांचं गणित उलटं. जपानच्याच याकुशिमा बेटावरच्या 2012 च्या अभ्यासात मध्यभागी असलेल्या माद्यांमध्ये इसोफॅगोस्टोमम आणि स्ट्राँगिलॉइडिस हे कृमी जास्त सापडले. यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, अळ्या मातीत वाढतात. पहिल्याची अळी पाल्यासोबत तोंडावाटे पोटात जाते, दुसऱ्याची थेट कातडीतून शिरते. जिचा वावर सगळ्यांमध्ये, तिचे हातपाय सगळ्यांच्या घाणीजवळ. ट्रायच्युरिस या तिसऱ्या कृमीचा मात्र मध्यभागी असण्याशी संबंध दिसला नाही. त्याच्या अंड्यांना मातीत पिकायला काही आठवडे लागतात. तोवर टोळी कुठल्या कुठे गेलेली असते, त्यामुळे आज कोण कोणाशेजारी बसलं याला फारसा अर्थ उरत नसावा, असं मला वाटतं.

आता प्रत्यक्ष पाहण्याबद्दल, कारण इथे दुर्बिणीचा खरा कस लागतो. उवा काढणारी मादी डाव्या हाताने केस मागे सारून धरते. नजर एका जागी खिळते, ओठ हलायला लागतात. मग अंगठा आणि तर्जनीच्या नखांत एकच केस पकडून ती लीख सैल करते, केसाच्या टोकाकडे ओढत नेते आणि बोटं थेट तोंडात. जपानी माकडांनी अशी उचललेली वस्तू नेमकी काय, ते संशोधकांनी तपासलं, तेव्हा जवळजवळ सगळी उवांची अंडीच निघाली. म्हणून ही तोंडाकडे जाणारी बोटं मोजली, तर माकडाला हातही न लावता त्याच्या अंगावर उवा किती याचा अंदाज येतो. मी आता नुसत्या केस चाळण्याला वेगळी खूण करतो आणि बोटं तोंडात गेली तर वेगळी. आपल्या टोळीतल्या फाटक्या कानाच्या म्हातारीपाशी सगळे येऊन बसतात, पण तिच्या अंगावरून काही उचललं जाताना क्वचितच दिसतं. कडेला राहणाऱ्या तरुण नराला कोणी हात लावला, की बोटं सारखी तोंडाकडे. हे नर मोठे झाले की टोळी बदलतात, म्हणजे एका टोळीचे परजीवी दुसरीत पोचवणारेही बहुधा तेच. त्यांच्यावर लक्ष ठेवा.

जागेच्या रकान्यात सर्वाधिक गर्दी धबधब्याजवळच्या खाऊवाल्या जागांची आहे. बिस्किटं, मक्याची कणसं पडतात तिथेच टोळी जमिनीवर उतरते, तिथेच खाते, तिथेच हगते. एरवी झाडांवर पांगलेली माकडं दोन-चार हात मातीवर एकवटतात. तमिळनाडूतल्या अनामलै डोंगरांत सिंहपुच्छ माकडांचा अभ्यास झालाय. वस्तीला लागून असलेल्या टोळ्यांत परजीवींचं प्रमाण जास्त मिळालं. हात जोडून सांगतो, खाऊ घालू नका आणि घालणाऱ्यांना थांबवा.

गोचिडांचं प्रकरण जपून. शेजारच्या दोडामार्गात आणि गोव्यातल्या सत्तरीत माकडताप येऊन गेलाय. 1957 साली शिवमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेलेला हा विषाणू गोचिडांतून पसरतो. माकड मेलं की गोचिडी त्याच्या अंगावरून उतरून आसपासच्या पाचोळ्यात थांबतात. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, लगेच वनखात्याला कळवा. पँट मोज्यात खोचा, पाचोळ्यात बसू नका, घरी आल्यावर अंग तपासा. विष्ठा गोळा करण्याच्या फंदातही पडू नका, ते काम परवानगी असलेल्या संशोधकांचं.

झोपण्याच्या झाडांचा रकाना अजून अर्धा कोरा आहे. केनियातल्या अंबोसेलीचे बबून एका झाडीत एक-दोन रात्री काढून जागा बदलतात आणि काही दिवस तिकडे फिरकत नाहीत. 1982 च्या एका निबंधात याचा संबंध झाडाखालच्या मातीत वाढणाऱ्या कृमींच्या अळ्यांशी जोडला होता. आपली टोळी असं करते का? सध्या जांभळाची दोन मोठी झाडं ठरलेली दिसतात. थंडीत संध्याकाळी रस्त्यावरूनच, उजेड असेतो, त्यांची नोंद घेणार आहे. राधानगरी किंवा चांदोलीकडे कोणी टोळीच्या झोपण्याच्या जागा टिपत असेल तर तारीख, झाड आणि सलग किती रात्री एवढं तरी कळवा. एकाच पद्धतीने टिपलं तर दोन्हीकडच्या वह्या शेजारी ठेवून पाहता येतील.